गॅस कमी आहे, काका!

एसीतला गॅस संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, वापरून कमी होत नाही. कारखान्यात जेवढा भरला तेवढाच तो तांब्याच्या नळ्यांतून फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता पितो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती उष्णता रस्त्यावर ओकतो आणि परत आत येतो. हा फेरा दहा वर्षं चालला तरी त्यातला एक ग्रॅमही खर्ची पडायचं कारण नाही. पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. तिथला फ्रिज याच तत्त्वावर वर्षानुवर्षं अहोरात्र चालतोय. दर उन्हाळ्यात फ्रिजमध्ये गॅस भरून घेणारा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत आहे का?

मग एसीतच दर एप्रिलला गॅस ‘कमी’ कसा होतो?

एक तर तो कुठून तरी गळतोय, नाहीतर तो कमी झालेलाच नाही आणि तुम्हाला सरळ गंडवलं जातंय. तिसरं कारण नाही. त्र्यंबकेश्वरात मला दोन्ही प्रकार बघायला मिळतात, आणि गंमत अशी की दोन्हींचं बिल सारखंच येतं.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर यजमानांसाठी खोल्या आहेत. नारायण नागबळीची पूजा तीन दिवसांची, माणसं मुक्कामाला राहतातच, आणि हल्ली ‘एसी आहे का?’ हा प्रश्न मुहूर्ताच्या आधी विचारला जातो. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी येऊन मुंबईच्या माणसाला रिमोटवर १८ का हवे असतात हे त्र्यंबकराजालाच ठाऊक. (२०२० सालापासून नवा एसी सुरू केला की तो आपसूक २४ वर लागला पाहिजे, असा सरकारी नियम आहे. यजमान खोलीत शिरून चपला काढायच्या आत त्या नियमाची वासलात लावतो.) तर एसी आले, एसीच्या मागून मेकॅनिक आले आणि त्यांच्या मागून हे गॅसचं दुखणं आलं.

दृश्य गावभर एकच. नाशिकहून स्कूटरवर पोरगा येतो. पाठीला पिशवी, पायांमध्ये सिलिंडर. फिल्टर उघडून बघत नाही. आतून येणारी हवा किती अंश गार आहे हे मोजत नाही, कारण थर्मामीटर त्याच्याकडे नसतोच. ग्रिलपुढे तळहात धरतो आणि ओठ मुरडतो. गच्चीवर जातो, आउटडोअरच्या जाड नळीवरच्या वॉल्व्हला निळा पाइप जोडतो. फुस्स होतं. गेजचा काटा थरथरून एका जागी थांबतो. एकदा काट्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे.

‘काका, गॅस कमी आहे.’

‘किती?’

‘बराच. एकशेवीसला पाहिजे, शंभरच दाखवतोय.’

‘गेला कुठे?’

‘चालतंच ते. दोन वर्षं झाली ना बसवून!’

दोन वर्षं झाली ना! जणू गॅसला पाय फुटतात आणि मुदत भरली की तो गाव सोडतो. या एका उत्तरावर अख्खा धंदा उभा आहे. अडीच-तीन हजार रुपये, पंधरा मिनिटं, ना पावतीवर वजन ना गळतीचा पत्ता, आणि ‘आता बघा कसं चिल्ड’ हा आशीर्वाद फुकट.

माझी नोकरीची वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात कूलिंग प्लांटच्या देखभालीत गेली, म्हणून मला हे असलं ज्ञान पचत नाही. गेजवरचा काटा गॅस किती आहे हे सांगतच नाही. तो दाब सांगतो. आणि दाब एकट्या गॅसवर ठरत नाही. बाहेरची हवा किती तापलीय, आतली खोली किती गरम आणि दमट आहे, फिल्टरमधून वारा किती जातोय, पंखा कुठल्या वेगावर आहे, या सगळ्यांचं मिळून ते उत्तर असतं. ‘आर-२२ असेल तर साठ-सत्तर, आर-३२ किंवा चारशेदहा असेल तर एकशेदहा ते एकशेतीस’ हा पाढा कुणीतरी कुणालातरी शिकवला आणि तो गुरुकिल्ली म्हणून फिरतोय. एसी प्रयोगशाळेत तपासला जातो तो बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून. पाठ केलेले आकडे साधारण तसल्याच उन्हाळी हवेचे आहेत. आमच्याकडे जुलैत ढग गच्चीवर उतरतात, बाहेर २२-२३ अंश असतात, आउटडोअरवर पाऊस बदाबदा कोसळत असतो. तेव्हा बाहेरच्या कॉइलमधला दाब पडतो, साध्या एसीतल्या केशनळीतून गॅस पुढे ढकलायला जोर उरत नाही आणि आतल्या बाजूचा दाबही खाली येतो. गॅस ठरल्याइतका असतानाही! पाढा पाठ केलेला पोरगा तो पडलेला काटा बघतो आणि एकशेवीस होईपर्यंत सिलिंडर उघडा ठेवतो.

मग मे महिना येतो. बाहेर ३७-३८ अंश. जुलैत ओतलेला फाजील गॅस आता बाहेरच्या कॉइलमध्ये तुंबतो, दाब चढतो, कंप्रेसर जादा करंट ओढतो, तापतो, ओव्हरलोडवर ट्रिप होतो. शेजारच्या एका लॉजवर हे नाटक मी कठड्याला रेलून पाहिलंय. दुपारी दोनला एसी बंद पडायचा, साडेतीनला आपोआप सुरू व्हायचा. लॉजवाल्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने काय निदान केलं असेल? ‘गॅस कमी आहे, शेठ.’

आता तोच शंभरचा काटा घ्या. आर-३२ हा गॅस १२३ पीएसआयच्या आसपास ५ अंशांना उकळतो आणि १०० पीएसआयला शून्याच्या जरासा खाली. हे कुठल्याही तक्त्यात आहे, मोबाइलवर फुकट मिळतं. म्हणजे काटा शंभरवर असेल तेव्हा आतल्या कॉइलमध्ये साधारण उणे १ अंशाला गॅस उकळतोय. आता आउटडोअरपाशी जाड नळीला थर्मामीटरचा चिमटा लावा. नळी १४ अंश दाखवते? म्हणजे गॅस कॉइलमध्ये लवकरच उकळून संपला आणि नुसती वाफ तापत तापत परत आली. या पंधरा अंशांच्या फरकाला सुपरहीट म्हणतात आणि तो एवढा मोठा असेल तर गॅस खरोखरच कमी असण्याचा दाट संशय घ्यावा. पण नळी एक-दोन अंशच दाखवत असेल तर? तर गॅस कॉइलभर पुरून उरलाय, त्याला उकळवायला पुरेशी गरम हवाच पोचत नाहीये. म्हणजे वारा अडलाय. फिल्टर, ब्लोअर, कॉइलवरची घाण.

त्या दिवशी आमच्या खोलीतल्या साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीची नळी दोन अंश दाखवत होती. पोराला खाली आणलं आणि इनडोअरचं झाकण उघडायला लावलं. फिल्टर दिसत नव्हता. होतं ते काळं, तेलकट कांबळं. खोलीत बसून धूप, कापूर, उदबत्ती लावायची नाही अशी पाटी भिंतीवर आहे, आणि त्या पाटीखालीच उदबत्तीचं घर ठेवलेलं असतं. मोरीत नळाखाली फिल्टर धरला तर काळं पाणी पाच मिनिटं वाहत होतं. मागची कॉइलही ब्रशने साफ केली. पुन्हा चालू करून वीस मिनिटांनी काटा एकशेअठरा. सिलिंडरच्या चावीला कुणी हातही लावला नव्हता. पोरगा म्हणाला, ‘काका, पण सर्व्हिस चार्ज तर द्यावा लागेल.’ दिला. फिल्टर धुण्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. न झालेल्या रोगाच्या औषधाचे द्यायला आहे.

इन्व्हर्टर एसीत तर या काट्याला काडीची किंमत नाही. त्यातला कंप्रेसर मनाला येईल तसा, म्हणजे खोलीला हवा तसा, वेग बदलतो आणि आतला इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह गॅसची वाट कमी-जास्त करत राहतो. आत्ता एकशेपाच असलेला काटा चहा होईपर्यंत एकशेपस्तीस होईल. त्याकडे बघून गॅस भरणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे. तिथे शंका आली तर मार्ग एकच: आहे तो गॅस रिकव्हरी मशिनने काढून घ्या, गळती शोधा, बुजवा, व्हॅक्यूम करा आणि आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर जे वजन लिहिलंय तेवढं वजनकाट्यावर तोलून भरा. त्या पट्टीवर गॅसचं नाव आणि किलोत वजन ठळक छापलेलं असतं. किती मेकॅनिकांना ती पट्टी वाचताना पाहिलंय तुम्ही? तिच्यावर सिलिंडरची पिशवी टांगलेली मात्र पाहिली असेल.

आणि वजनकाटा? त्र्यंबकच्या बाजारात टोमॅटो विकणारीच्या काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. शंभर ग्रॅमनी कमी दिलं तर गिऱ्हाईक भांडायला उठतं. तेच गिऱ्हाईक तीन हजारांचा गॅस डोळे मिटून घेतं, कारण विकणाऱ्याने सांगितलं ‘फुल्ल केला’. फुल्ल म्हणजे किती ग्रॅम, हे विचारायची आपल्याला लाज वाटते. आठशे ग्रॅमच्या एसीत दीडशे ग्रॅम घालून पूर्ण भरणीचे पैसे घेणारे महाभाग आहेत.

खऱ्या गळतीकडे येऊ, कारण तीही असतेच. फ्रिज गळत नाही आणि स्प्लिट एसी गळतो याचं कारण साधं आहे. फ्रिजचे सगळे जोड कारखान्यात झाळलेले असतात. स्प्लिटचे चार जोड तुमच्या घरात, शिडीवर उभं राहून, एका दमात केलेले असतात. दोन नळ्या, दोन टोकं, चार फ्लेअर नट. नळीचं तोंड कापल्यावर आतली कड घासून साफ करायची असते, फ्लेअरिंग टूलने तोंड एकसारखं उमलवायचं असतं, नट मोजून आवळायचा असतो. प्रत्यक्षात दोन पान्यांनी दात-ओठ खाऊन आवळतात. जास्त आवळला की फ्लेअर चिरतो, कमी आवळला की झिरपतो. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून नटाभोवती काळी चिकट कडी तयार होते. ती कडी बघायला डोळे लागतात, आणि खात्री करायला साबणाचा फेस. एवढं करूनही सापडलं नाही तर नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायचा आणि काटा उतरतो का बघायचं. नायट्रोजन महाग म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन लावणारे बहाद्दरही असतात. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की कंप्रेसरचा बॉम्ब होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं किंवा सांगितलेलं ऐकायचं नसतं.

गळती न बुजवता वरून गॅस भरणारा माणूस गॅस विकत नाही, पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक बांधून ठेवतो.

व्हॅक्यूमचं तर नावच नको. ‘व्हॅक्यूम मारला ना?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘हो काका, गॅसनेच हवा मारली.’ म्हणजे थोडा गॅस सोडून नळीतली हवा हुसकावली. हवा एक वेळ जाईल. दमटपणा कसा जाणार? आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. नळीच्या आतल्या बाजूला धरलेलं पाणी काढायचं तर पंपाने दाब इतका उतरवावा लागतो की ते पाणी नेहमीच्याच तापमानाला उकळून वाफ होऊन बाहेर पडेल. म्हणून पाचशे मायक्रॉनपर्यंत जायचं आणि पंप बंद करून तो आकडा टिकतो का बघायचं. आर-३२ आणि आर-४१०एबरोबर जे तेल वापरतात ते पाणी शोषून घ्यायला टपलेलंच असतं. पाणी, तेल आणि उष्णता मिळून आम्ल तयार होतं, ते कंप्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं, आणि तीन वर्षांनी तोच मेकॅनिक सांगतो, ‘काका, कंप्रेसर गेला.’

मला त्या पोराचा राग येतो का? येतो, पण अर्धाच. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. हा पोरगा तिथे गेलाच नाही, उस्तादाच्या मागे शिडी धरून शिकला. त्याला दर कॉलचे पैसे मिळतात, एप्रिलमध्ये दिवसाला जितके कॉल तितकी कमाई. व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनचं नळकांडं, रिकव्हरी मशीन, काटा हे सगळं स्कूटरवर लादून तिसऱ्या मजल्यावर चढवायचं आणि एका एसीला अडीच तास द्यायचे, हे परवडेल असा दर त्याला कुणी देत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन आणला. २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस मेकॅनिकना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं त्यात लिहिलं होतं. आमच्या गल्लीत येणाऱ्या एकाच्याही खिशात ते प्रमाणपत्र मला दिसलेलं नाही, आणि ते मागणारं गिऱ्हाईकही दिसलेलं नाही. कंपन्या कंप्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी हत्तीएवढ्या अक्षरात छापतात आणि गॅसचं कलम मुंगीएवढ्या. बसवायला पाठवतात तो माणूस कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचा. चार नट त्याच्या हाती, आणि पाच तारे जाहिरातीत.

राहिला उरलेला अर्धा राग. तो हवेत सोडलेल्या गॅसचा आहे. ‘जुना काढून टाकतो’ म्हणून वॉल्व्ह उघडून फुस्स करतात ना, त्यात एक किलो आर-२२ गेला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. आर-४१०ए त्याहून वाईट, आर-३२ बराच बरा पण तोही एकास पावणेसातशे. आर-२२ वर ओझोनचंही पाप आहे. ३१ डिसेंबर २०२४ नंतर तो घालून नवे एसी बनवणं आपल्याकडे बंद झालंय आणि २०३० पर्यंत दुरुस्तीपुरता थोडा वगळता त्याचा वापरच संपवायचाय. म्हणजे तो महागणार, आणि महागला की भेसळ आली. जुन्या आर-२२ एसीत बिनदिक्कत कुठला तरी ज्वालाग्राही गॅस भरून देणारे आजही आहेत. वर नवी चिठ्ठीसुद्धा चिकटवत नाहीत. ज्या खोलीत यजमान समई पेटवून बसतो, त्या खोलीत! भेसळ काय करते हे जगाने २०११ मध्ये पाहिलंय: व्हिएतनामात गॅस भरलेले जहाजांवरचे थंड कंटेनर फुटले आणि माणसं मेली. गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं, त्याची अॅल्युमिनियमशी गाठ पडली.

आमच्या गावाला नोंदींचं वावडं आहे असंही नाही. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत तुमचे पणजोबा कोणत्या साली कुशावर्तावर आले, बरोबर कोण होतं, कुठल्या गावचे, हे मोडी-देवनागरीत लिहिलेलं सापडतं. चोपडी उघडली की चार पिढ्या समोर येतात. आणि त्याच वाड्याच्या गच्चीवरच्या आउटडोअरवर, मागच्या वर्षी कोणता गॅस किती ग्रॅम भरला, हे खडूनेसुद्धा लिहिलेलं नसतं. मी आमच्या प्रत्येक आउटडोअरच्या झाकणाच्या आत मार्करने लिहितो: तारीख, गॅस, वजन, सुपरहीट, बाहेर किती अंश होते. मेकॅनिक हसतात. हसू देत. त्या नोंदींमुळे ‘दोन वर्षं झाली ना’ हे वाक्य आमच्या गच्चीवर पुन्हा कुणी उच्चारलेलं नाही.

आता सिंहस्थ येतोय. ऑक्टोबर २०२६ अखेर ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं. गावात जिथे बघावं तिथे मजले चढतायत, प्रत्येक खोलीला एसीचं भोक पाडून ठेवलंय, आणि तांब्याच्या नळ्यांची तोंडं टोपी न लावता उघडी लोंबतायत. त्या नळ्यांत त्र्यंबकचा पाऊसकाळ शिरणार, वर घाईत नट आवळले जाणार, पंप न लावता ‘गॅसने हवा मारली’ जाणार. एकेका लॉजला वीस-वीस, तीस-तीस एसी. कोटेशनं येतायत, टनाचा भाव होतोय, तारे मोजले जातायत, हप्ते ठरतायत. परवा एका लॉजवाल्याने त्याचं कोटेशन मला दाखवलं. त्यात कॉपरची जाडी होती, स्टँडचा रंग होता, ड्रेन पाइपचे मीटर होते. मी पेनाने खाली एक ओळ लिहून दिली: ‘प्रत्येक जोड नायट्रोजनने तपासणे, पाचशे मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम, नळीच्या जादा लांबीचा गॅस काट्यावर तोलून भरणे, आकडे लिहून सही करणे, याशिवाय शेवटचा हप्ता नाही.’

ठेकेदाराने वाचलं आणि लॉजवाल्याला म्हणाला, ‘शेठ, एवढं कुणी करत नाही.’ लॉजवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, दुसरं कोटेशन मागवा.